बसवलेलं हृदय आपलं कधी होतं?

हृदय प्रत्यारोपणाची बातमी आपल्याकडे ठरलेल्या साच्यात येते. मेंदूमृत माणसाचे नातेवाईक अवयवदानाला होकार देतात, पोलीस ग्रीन कॉरिडॉर मोकळा करून देतात, रुग्णवाहिका एवढ्या मिनिटांत एवढे किलोमीटर कापते आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर सांगतात की नवं हृदय व्यवस्थित चालू आहे. बातमी तिथे संपते. तिच्यामागची समजूत अशी की हृदय हा एक पंप आहे. जुना बिघडला, नवा बसवला, काम फत्ते. याच्या अगदी उलट टोकाची समजूतही लोकांत आहे. हृदय बदललं की माणूस बदलतो, दात्याच्या आवडीनिवडी नव्या शरीरात उतरतात, अशा कथा चवीने सांगितल्या जातात. दोन्ही समजुतींचं मूळ गृहीतक मात्र एकच आहे. हृदय ही आपल्यापुरती पूर्ण असलेली वस्तू आहे, ती एका छातीतून काढून दुसऱ्या छातीत जशीच्या तशी ठेवता येते, असं दोन्हीकडे धरून चालतात. प्रत्यारोपणानंतर नसांचं जे होतं ते पाहिलं की हे गृहीतक टिकत नाही. अवयव शरीराचा होतो तो शरीराशी त्याची देवाणघेवाण सुरू झाल्यावर. ते काम शस्त्रक्रियेच्या टेबलावर होत नाही, त्याला वर्षं लागतात आणि ते कधीच पुरतं होत नाही. आपल्या उपचारांच्या व्यवस्थेत या वर्षांना जवळजवळ जागाच नाही, हे माझं म्हणणं.

आधी टेबलावर काय घडतं ते पाहू. शल्यविशारद दात्याचं हृदय महाधमनीला, फुप्फुसधमनीला आणि वरच्या कप्प्यांच्या भिंतींना किंवा महाशिरांना शिवतो. एवढी शिवण झाली की रक्त वाहू लागतं आणि हृदय धडधडायला लागतं. नसा कोणी जोडत नाही. त्या इतक्या बारीक आणि रक्तवाहिन्यांभोवती इतक्या विखुरलेल्या असतात की जोडायच्या म्हटल्या तरी शक्य नाही. तरीही हृदय चालतं, कारण ठोक्याचा उगम हृदयातच आहे. उजव्या वरच्या कप्प्यातला सायनस नोड नावाचा पेशींचा लहानसा पुंजका मेंदूला न विचारता ठोके देत राहतो. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी तो 1907 मध्ये शोधून दाखवला. हा स्वयंभूपणा नसता तर 3 डिसेंबर 1967 रोजी केपटाऊनच्या ग्रूट शूर रुग्णालयात ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी बसवलेलं हृदय चाललंच नसतं. तो रुग्ण 18 दिवस जगला. अडीच महिन्यांच्या आत, फेब्रुवारी 1968 मध्ये, मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तीच शस्त्रक्रिया केली. रुग्ण काही तासांत दगावला. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा देशात 1994 मध्ये आला आणि मुंबईत पुढचं हृदय प्रत्यारोपण व्हायला 2015 साल उजाडलं. या सगळ्या वर्षांत जगभर चिंता होती ती शरीर परकं हृदय नाकारेल याची. नसांचा विचार मागे पडला, कारण नसांवाचून हृदय चालत होतं आणि रुग्ण जगत होते.

पण कसं चालत होतं? आपल्या हृदयाला दोन प्रकारच्या नसा येतात. अनुकंपी नसा वेग आणि जोर वाढवतात. मेंदूच्या तळापासून निघणारी व्हेगस नस वेग आवरते. तरुण, निरोगी माणसाच्या सायनस नोडला कोणी हातच लावला नाही तर तो मिनिटाला साधारण शंभर ठोके देईल. आपली नाडी सत्तरच्या आसपास असते ती व्हेगस तिला सतत आवरून धरते म्हणून. प्रत्यारोपण झालेल्या माणसाची नाडी स्वस्थ बसलेला असतानाही 90 ते 110 असते. त्याला ताप नसतो, तो घाबरलेलाही नसतो. आवरणारं कोणी उरलेलं नसतं, एवढंच.

हा माणूस जिना चढायला लागला की आणखी एक गोष्ट दिसते. तुमची-आमची नाडी पहिल्या दोन-चार पायऱ्यांतच उसळते. त्याची तेवढीच राहते. पायांतून परतणारं जास्तीचं रक्त हृदयाला ताणतं, त्यामुळे प्रत्येक ठोका थोडा मोठा होतो आणि सुरुवातीचं भागतं. मूत्रपिंडावरच्या ग्रंथींनी रक्तात सोडलेलं अॅड्रेनालिन हृदयापर्यंत पोचलं की काही मिनिटांनी वेग वाढू लागतो. तोवर बहुधा तो वरच्या मजल्यावर पोचलेला असतो. तिथे तो खुर्चीत टेकतो, तेव्हा नाडी अजून चढतच असते आणि उतरायला बराच वेळ घेते. फोनवर वाईट बातमी आली, काळजात धस्स झालं, तरी हृदयाला ते उशिराच कळतं. भीती तो तत्क्षणी अनुभवतो. ठोका मागाहून येतो.

नसांऐवजी रक्तातून निरोप मिळाला तरी हृदय काम करतं, हे विज्ञानाला जुनं ठाऊक होतं. ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये बेडकाची दोन हृदयं घेतली, एकाच्या व्हेगस नसेला चाळवलं आणि त्याच्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला. दुसरंही हृदय मंदावलं. नसेचा निरोप शेवटी रसायनातूनच जातो, हे त्यातून सिद्ध झालं आणि 1936 मध्ये लोवींना हेन्री डेल यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळालं. साठच्या दशकात मेयो क्लिनिकमधल्या संशोधकांनी शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांच्या हृदयाच्या नसा कापल्या. कुत्रे जवळजवळ पूर्वीच्याच वेगाने धावले. मग त्यांना अॅड्रेनालिनचा परिणाम रोखणारं औषध दिलं, तेव्हा मात्र त्यांची दौड ढेपाळली. नसा शाबूत असलेल्या कुत्र्यांवर त्याच औषधाचा एवढा परिणाम झाला नाही. नसांवाचून निभावतं, पण मग एकाच आधारावर निभावतं, हा त्या प्रयोगाचा धडा. म्हणूनच प्रत्यारोपणाच्या रुग्णाला बीटा ब्लॉकर, म्हणजे याच जातीचं औषध, देताना डॉक्टर दहादा विचार करतात. मंदावलेल्या नाडीवरचं नेहमीचं अॅट्रोपिन त्याच्यावर चालत नाही, कारण ते व्हेगसचा लगाम सैल करतं आणि इथे लगामच नसतो.

नसा काय करतात हे एकाच छातीत, एकाच कागदावर पाहायचं असेल तर जुन्या पद्धतीने प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाचा ईसीजी पाहावा. नॉर्मन शमवे आणि रिचर्ड लोअर यांनी रूढ केलेल्या त्या पद्धतीत रुग्णाच्या स्वतःच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा मागचा भाग तसाच ठेवतात आणि नवं हृदय त्याला शिवतात. त्या शिल्लक भागात रुग्णाचा मूळ सायनस नोड जिवंत असतो आणि त्याच्या नसाही शाबूत असतात. त्यामुळे कागदावर वरच्या कप्प्यांच्या लहान लहरी दोन प्रकारच्या उमटतात. एक रांग नव्या हृदयाची, घड्याळाच्या काट्यासारखी एकसुरी. दुसरी जुन्या तुकड्याची. माणसाने खोल श्वास घेतला की ती वेग घेते, सोडला की मंदावते. मेंदूचे हुकूम तिथवर येतात, पण शिवणीपलीकडे जात नाहीत. रक्त ढकलणारं हृदय मेंदूचं ऐकत नाही आणि मेंदूचं ऐकणारा तुकडा रक्त ढकलत नाही. प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांची खरी स्थिती ही आहे. मालकी सही-शिक्क्याची मानली तर ती झालेली असते. व्यवहाराची मानली तर अजून व्हायची असते.

तो व्यवहार पुढे हळूहळू सुरू होतो. नसेचा तंतू कापला की पेशीपासून तुटलेला भाग मरतो, हे ऑगस्टस वॉलर यांनी 1850 मध्ये दाखवलं होतं. दात्याच्या हृदयात उरलेले अनुकंपी तंतू असे मरून जातात, कारण त्यांच्या पेशी दात्याच्या मानेजवळ आणि छातीत राहिलेल्या असतात. रुग्णाच्या बाजूला मात्र पेशी जिवंत असते आणि तुटक्या टोकातून, ऊस तोडल्यावर खोडव्याला फुटवे यावेत तसे, नवे तंतू फुटतात. अनुकूल परिस्थितीतही नसेची वाढ दिवसाला साधारण एक मिलिमीटर. त्यात शिवणीचा व्रण ओलांडायचा असतो. या तंतूंना दिशा कोण देतं? नसांना वाढायला लावणारं एक प्रथिन हृदयाचे स्नायूच स्रवत असतात. अशा वृद्धिकारक द्रव्यांच्या शोधासाठी रीटा लेवी-मोंताल्चिनी आणि स्टॅनली कोहेन यांना 1986 चं नोबेल मिळालं. म्हणजे परकं हृदय बोलावतं आणि शरीर त्याला ओ देतं.

व्हेगसची गोष्ट याहून वेगळी आहे. तिचा लांब तंतू मेंदूकडून येतो आणि हृदयालगतच्या चरबीत दडलेल्या चेतापेशींपाशी थांबतो. शेवटचा टप्पा या पेशी पार पाडतात. प्रत्यारोपणात या पेशी हृदयाबरोबर येतात आणि जगतात. व्हेगस पुन्हा जुळलीच तर त्या वाटेचा पहिला टप्पा रुग्णाचा असतो आणि शेवटचा दात्याचा. दात्याच्या आठवणी हृदयासोबत येतात असं सांगणारे याच पेशींकडे बोट दाखवतात. पण या पेशींचं काम ठोक्याची लय सांभाळण्याचं. चव, गाणं, प्रेम यांची नोंद त्यांच्यात असते, याला कसलाही पुरावा नाही. उलट जे प्रत्यक्ष मोजता आलं आहे, ते या दाव्याच्या नेमकं विरुद्ध दिशेने जातं. हृदय माणसाला बदलताना कोणी मोजलेलं नाही. माणसाच्या नसा हृदयात शिरून त्याला आपल्या तालावर आणताना मात्र अनेक प्रयोगशाळांत मोजल्या गेल्या आहेत.

ही मोजमापं 1990 च्या सुमारास सुरू झाली. मिनेसोटा विद्यापीठात रॉबर्ट विल्सन आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या हृदयाच्या धमनीत टायरामीन सोडलं. हे द्रव्य अनुकंपी तंतूंच्या टोकांतला नॉरअॅड्रेनालिनचा साठा बाहेर काढतं. तंतूच नसतील तर काहीच बाहेर येणार नाही. शस्त्रक्रियेला काही महिनेच झालेल्यांच्या हृदयातून काही निघालं नाही. वर्षाहून जास्त काळ लोटलेल्या अनेकांच्या हृदयातून निघालं. मिशिगन विद्यापीठात आणि पुढे म्युनिकमध्ये पेट स्कॅनवर हे तंतू नकाशासारखे पाहता आले. ते हृदयाच्या पुढच्या भिंतीत आणि मधल्या पडद्यात आधी येतात. महाधमनीवरून डाव्या धमनीच्या काठाने उतरायची ती वाट सर्वांत सरळ आहे. मागच्या-खालच्या भागाकडे तंतू क्वचितच पोचतात. पंधरा वर्षांनंतरही हा नकाशा पुरा भरत नाही.

अर्ध्या भरलेल्या नकाशाचा अर्थ काय, हे 1997 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने फार सुरेख दाखवलं. मार्सेलो डी कार्ली आणि सहकाऱ्यांनी प्रत्यारोपण झालेल्यांना हात बर्फाच्या पाण्यात बुडवायला सांगितलं. थंडीच्या चटक्याने अनुकंपी नसा चाळवतात आणि हृदयाच्या स्नायूला होणारा रक्तपुरवठा वाढतो. इथे एकाच हृदयाच्या ज्या भागात तंतू पोचले होते, तिथे रक्तप्रवाह स्पष्टपणे जास्त वाढला. जिथे पोचले नव्हते तिथे तसा वाढला नाही. हाताला झोंबलेली थंडी हृदयाच्या एका भिंतीला कळली आणि शेजारच्या भिंतीपर्यंत पोचलीच नाही. असं हृदय आपलं की परकं, या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. ते भिंतीगणिक वेगळं आहे.

आपलेपणाची किंमतही असते. नसा कापलेल्या हृदयाला दुखत नाही. धमन्या अरुंद झाल्या, अगदी हृदयविकाराचा झटका आला, तरी छातीत कळ येत नाही. म्हणून या रुग्णांना ठरावीक काळाने अँजिओग्राफी करून घ्यावी लागते. 1991 मध्ये मिनेसोटाच्याच डॉक्टरांनी छातीत कळ येऊ लागलेले प्रत्यारोपणाचे रुग्ण नोंदवले. त्यांच्या धमन्यांत खरंच अडथळे होते. म्हणजे वर जाणाऱ्या, वेदना कळवणाऱ्या नसाही परतल्या होत्या. अशी कळ, म्हणजे अँजायना, ही एरवी वाईटच बातमी. इथे तीच शरीराने हृदयाला आपल्यात घेतल्याची खूण ठरली. मात्र वेदनेच्या नसाही अर्धवटच परततात. त्यामुळे दुखत नाही म्हणजे सगळं आलबेल आहे, असा दिलासा रुग्णाने स्वतःला देऊ नये.

नसा परतल्या तरी प्रतिक्षिप्त क्रिया परततातच असं नाही. आपण उभे राहिलो की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त खाली उतरतं. मानेतल्या धमन्यांतले संवेदक दाब घसरल्याचं क्षणात कळवतात आणि नाडी चढते. प्रत्यारोपण झालेल्याला सुरुवातीची बरीच मदार रक्तवाहिन्या आवळण्यावर ठेवावी लागते. इटलीत पाविया इथे लुचानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या मानेभोवती बसवलेल्या पट्ट्यातून ठरावीक तालात हवा ओढली. त्याने धमनीची भिंत ताणते, मेंदूला दाब वाढल्याचा भास होतो आणि व्हेगस जुळलेली असेल तर हृदय त्याच तालात मंदावतं. त्यांना 1998 मध्ये असं आढळलं की महाशिरा थेट जोडण्याच्या नव्या पद्धतीत व्हेगस परतण्याची शक्यता जुन्या पद्धतीपेक्षा अधिक असते. याचं एक स्पष्टीकरण असं की जुन्या पद्धतीत व्हेगसचे बरेच तंतू शिल्लक तुकड्यातच सुखाने नांदतात, त्यांना पुढे वाढण्याचं कारण उरत नाही. रुग्णाचं जास्त जुनं हृदय राखून ठेवणं हे वरवर सौम्य वाटतं. नसांच्या दृष्टीने ते अडथळा ठरू शकतं.

आता यावरचा रास्त आक्षेप. नसांवाचून माणसं वर्षानुवर्षं जगतात. प्रत्यारोपण झालेल्या प्रौढांपैकी निम्म्याहून अधिक जण बारा वर्षांच्या पुढे जातात. अवयव नाकारला जाणं, संसर्ग, धमन्यांचा आजार, औषधांमुळे मूत्रपिंडावर येणारा ताण हे खरे वैरी आहेत. मग नसांचं एवढं कौतुक कशाला? वैऱ्यांची यादी बरोबर आहे. पण जगणं आणि जगता येणं यांत फरक आहे. फ्रँक बेंगल आणि सहकाऱ्यांनी म्युनिकमध्ये 29 रुग्ण तपासून 2001 मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांतल्या 16 जणांत अनुकंपी नसा परतल्याचं दिसलं. ते जास्त वेळ व्यायाम करू शकत होते, त्यांची नाडी अधिक चढत होती आणि हृदयाचा जोर व्यायामात अधिक वाढत होता. त्याच गटाने पुढे दाखवलं की नसा परतणं काही गोष्टींशी जोडलेलं आहे: उलटलेला काळ, दात्याचं आणि रुग्णाचं कमी वय, झटपट व विनाअडथळा पार पडलेली शस्त्रक्रिया आणि नाकारण्याचे कमी प्रसंग. म्हणजे त्या वैऱ्यांना रोखणं आणि नसांना वाट देणं ही दोन वेगळी कामं नाहीत.

आणि व्यायामाचं काय? नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये 81 रुग्णांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. शस्त्रक्रियेनंतर तीनेक महिन्यांतच निम्म्यांना चार-चार मिनिटांच्या जोरकस टप्प्यांचा व्यायाम देखरेखीखाली दिला, उरलेल्यांना मध्यम. दोन्ही गट सुधारले. जोरकस व्यायामाचा गट ऑक्सिजन वापरण्याच्या क्षमतेत अधिक सुधारला आणि त्यातून अपाय झाला नाही. व्यायामानेच नसा वाढतात असा दावा मी करत नाही. ज्याच्या नसा परतल्या त्यालाच व्यायाम जमतो, हेही तितकंच संभवतं. पण रुग्णाच्या हातात यातलं जे आहे, ते व्यायाम आहे. दात्याचं वय त्याच्या हातात नाही.

आपल्याकडे मात्र नेमकं उलटं होतं. घरी आलेल्या रुग्णाला सगळं घर जपतं. जिना चढू नकोस, पिशवी उचलू नकोस, दुसऱ्याने जीव दिलाय तो सांभाळ. या मायेत चूक काही नाही, पण तिचा परिणाम म्हणून स्नायू झिजतात. थोडंफार चालायला लागलं की मनगटावरच्या घड्याळात नाडी सुरुवातीला चढत नाही आणि थांबल्यावर उतरत नाही. मग घाबरून चालणंही बंद होतं. दोन्ही गोष्टी नसा नसलेल्या हृदयासाठी अपेक्षितच आहेत, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. असा रुग्ण नाडीच्या आकड्यावर व्यायाम ठरवू शकत नाही. धाप किती लागते, बोलता येतं का, यावर तो ठरवावा लागतो. सुरुवात सावकाश करावी लागते आणि थांबतानाही एकदम बसून चालत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्यारोपण करणाऱ्या प्रत्येक केंद्राने घरी सोडतानाच्या कागदावर गोळ्यांच्या वेळापत्रकाखाली व्यायामाचं वेळापत्रकही लिहून द्यावं आणि किमान वर्षभर फिजिओथेरपिस्टची देखरेख ठेवावी. विमा कंपन्यांनी आणि मदत देणाऱ्या धर्मादाय संस्थांनी त्या वर्षाचा खर्च शस्त्रक्रियेच्या खर्चातच धरावा. आणि घरच्यांनी, डॉक्टरांचा सल्ला घेऊन, रुग्णाला जिना चढू द्यावा.